हे घर न्हवं, कणगी हाय : आग्नेय युटातले सहा दिवस

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही तिसरी अमेरिकावारी. पहिल्या दोन खेपांना आम्ही त्यांना शहाण्या मुलांसारखं नायगारा, न्यूयॉर्क आणि लास व्हेगास दाखवून आणलं होतं. व्हेगासला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एवढ्या दिव्यांचं बिल कोण भरतं?" यंदा ठरवलं, शहर नको. ऑक्टोबरच्या मध्याला शाळेला चार दिवस सुट्टी होती. त्याला दोन दिवस जोडले आणि नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, एकोणसत्तर वर्षांचे आबा आणि मी असे तंबू घेऊन युटाच्या आग्नेय कोपऱ्यात, सीडर मेसा नावाच्या पठाराच्या दऱ्यांमध्ये निघालो. आबांचं अख्खं आयुष्य सांगली जिल्ह्यात जोंधळा, ऊस आणि हळद करण्यात गेलंय. या सहलीत त्याचा एवढा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

दिवस पहिला

आमचं डेन्व्हर ते ब्लँडिंग हा सात तासांचा रस्ता आम्ही नऊ तासांत कापला. मोआबपर्यंत गर्दी, पुढे कुणी नाही. रात्री मोटेल, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एवढंच.

एक सूचना इथेच. गाडीची टाकी आणि पाण्याचे कॅन ब्लँडिंगलाच भरून घ्या. तिथून पश्चिमेला जाणाऱ्या ९५ नंबरच्या रस्त्यावर मैलोन्मैल पंप नाही, मोबाइलला रेंजही नाही. आणि रविवारी पोहोचणार असाल तर वाणसामान आधीच घ्या. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीचं गाव आहे, बरीच दुकानं बंद असतात.

दिवस दुसरा

सकाळी गावातलं एज ऑफ द सीडर्स संग्रहालय. तासाभरात उरकू म्हणून शिरलो आणि दुपारी बाहेर पडलो. दोष आबांचा. एका काचेच्या कपाटात टर्की पक्ष्याच्या पिसांचं जवळपास ८०० वर्षांपूर्वीचं पांघरूण आहे. आज त्याची पिसं किड्यांनी खाल्लीत, उरलीय ती दोरी. अभ्यासकांनी हिशेब मांडलाय की सुमारे १८० मीटर दोरीवर ११,५०० च्या आसपास पिसं गुंडाळली होती. मी आकडे वाचून दाखवत होते, पण आबांचं लक्ष दोरीकडे.

"वाख हाय ह्यो," ते म्हणाले. "घायपाताचा."

घायपात नव्हे, युक्का. पण दिसायला चुलतभाऊच. तशीच तलवारीसारखी पानं, तसाच धागा. लहानपणी बांधावरचं घायपात पाण्यात कुजवून, ठेचून, वाख काढून दोर वळलेला हा माणूस मग शेजारच्या कपाटातल्या युक्काच्या चपलांसमोर पंधरा मिनिटं उभा राहिला. टाचेकडची वीण कशी घेतलीय ते वाकून वाकून बघत होते. याच संग्रहालयात मकाव पोपटाच्या लालभडक पिसांचा एक पट्टाही आहे. हा पक्षी इथला नाही, मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या जंगलांतला. म्हणजे बाराव्या शतकात कुणीतरी शेकडो मैल पायी ही पिसं आणली. घोडा नाही, चाक नाही.

हे लोक कोण, ते थोडक्यात सांगते. जुन्या पुस्तकांत 'अनासाझी' लिहिलेलं असतं. तो नावाहो या शेजारच्या जमातीच्या भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'शत्रूंचे पूर्वज'. होपी, झुनी वगैरे आजच्या प्वेब्लो लोकांना आपल्या पणजोबांना असं म्हटलेलं आवडत नाही, म्हणून आता 'पूर्वज प्वेब्लो' म्हणतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी हा मुलूख सोडला. झाडांच्या कड्या मोजून काढलेला मोठा दुष्काळ १२७६ ते १२९९ चा. तो एकटाच कारण होता असं कुणी म्हणत नाही, पण आबांना तेवढं पुरलं. "तेवीस वर्सं," ते म्हणाले, आणि गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत.

दुपारी म्यूल कॅन्यनच्या दक्षिण फाट्यात शिरलो. जेमतेम दीड किलोमीटरची सपाट वाट, ओढ्याच्या कडेकडेनं, जुनिपरच्या सावलीतून. (सीडर मेसाचा 'सीडर' म्हणजे हा जुनिपरच, आलेल्या गोऱ्या लोकांनी चुकीचं नाव दिलं ते चिकटलं.) टोकाला ते जगप्रसिद्ध 'हाउस ऑन फायर'. फोटो तुम्ही पाहिला असेल: दगडी खोल्यांच्या छतातून ज्वाळा उसळताहेत असं वाटतं. ती जादू सकाळी दहा-अकराच्या सुमारास होते, समोरच्या खडकावरून ऊन परावर्तित होऊन छतावर पडतं तेव्हा. आम्ही पोहोचलो साडेतीनला. आग विझलेली. पिवळट करडं छत आणि खाली चार-पाच बुटक्या खोल्या. इतक्या लांब येऊन हे! माझं तोंड उतरलं.

आबा मात्र उकिडवे बसून एका दाराकडे बघत होते. दार म्हणजे दोन वीत रुंद चौकोन. वर सपाट दगडाची तुळई, कडेला चिखलाची गुळगुळीत किनार, झाकणाचा दगड चपखल बसावा म्हणून केलेली.

"हे घर न्हवं गं. कणगी हाय."

आणि खरंच, ती धान्याची कोठारं आहेत. आग लागलेलं घर म्हणून जगभर मिरवणारी ही जागा म्हणजे मक्याची बळदं. आबांनी मग आम्हाला सगळा कारभार समजावला. ओल लागू नये म्हणून जमिनीपासून वर, पाऊस येऊ नये म्हणून कपारीत, उंदीर शिरू नये म्हणून दार लहान आणि फट चिखलानं लिंपलेली. आपल्याकडे हरिपूरला हळदीची पेवं जमिनीखाली असतात, कारण तिथली माती तशी घट्ट. इथे खडक, म्हणून खडकाच्या पोटात. हात पाठीमागे बांधून (स्पर्श करायचा नाही हे मी दहादा बजावलं होतं) त्यांनी मान पुढे काढली आणि मला बोलावलं. दगडांच्या मधल्या चिखलात बोटं दाबल्याचे ठसे होते. चार बोटं, लहानशी. माझ्या बोटांपेक्षा लहान.

"बाईमाणसाचं काम," आबा म्हणाले. "लिंपण कोण करतंय दुसरं?"

फोटोसाठी जायचं असेल तर सकाळी जा. पायवाटेवर शिरायला दिवसाचा पास लागतो. तो आदल्या दिवशीच ऑनलाइन काढा, तिथे रेंज नाही. मला विचाराल तर दुपारी जा. आम्ही होतो त्या तासाभरात दुसरं कुणी आलं नाही.

संध्याकाळी नॅचरल ब्रिजेसचा कॅम्पग्राउंड गाठला आणि फजिती झाली. अवघ्या तेरा जागा, आरक्षण नाही, पहिला येईल त्याला. तेराही भरलेल्या. अंधार पडत आलेला, मुलगा भुकेला, नवरा गप्प (हे भुकेपेक्षा वाईट). शेवटी बाहेर येऊन सरकारी मोकळ्या जमिनीवर, आधी कुणीतरी तंबू ठोकलेली उघडी जागा बघून मुक्काम टाकला. तिथे संडास नाही, पाणी नाही. विष्ठा भरून परत नेण्याच्या पिशव्या मिळतात त्या आणल्या होत्या म्हणून निभावलं. वारा इतका की स्टोव्हभोवती गाडी आडवी लावली, तेव्हा कुठे पिठलं शिजलं. त्यात वाळू पडली होती. सगळ्यांनी गुपचूप खाल्लं.

दिवस तिसरा

सकाळी नऊलाच कॅम्पग्राउंडवर जाऊन जागा पकडली. हाच मार्ग: मंडळी निघण्याच्या वेळेला हजर राहायचं.

नॅचरल ब्रिजेस हे युटातलं पहिलं राष्ट्रीय स्मारक, म्हणजे सरकारनं राखून ठेवलेला प्रदेश, १९०८ चं. कमान आणि पूल यांतला फरक मुलगा रेंजरकडून पाठ करून आला होता: खालून वाहतं पाणी खडक कापत गेलं तर पूल, नाहीतर कमान. तीन पूल, तिन्हींची नावं होपी भाषेतली. सिपापू सगळ्यांत मोठा, २२० फूट उंच. खाली उतरायला पाचशे फुटांचा उतार, मध्ये लोखंडी जिना आणि लाकडी शिड्या. आबांना वर थांबा म्हटलं, तर ते आमच्या आधी शिडीला पाठ न दाखवता, तोंड शिडीकडे करून, एकेक पायरी चाचपत उतरले. विहिरीत उतरायची सवय.

सिपापू म्हणजे होपींच्या समजुतीनुसार खालच्या जगातून माणसं या जगात आली ते दार. काल संग्रहालयाच्या मागच्या किवात, म्हणजे जमिनीखालच्या गोल विधिगृहात, शिडीनं उतरलो होतो. किवाच्या जमिनीत याच नावाचं छोटंसं भोक असतं. वाटीएवढं भोक आणि हा २२० फुटी पूल, दोघांना एकच नाव.

दुसरा कचीना पूल अजून जाडजूड आहे. १९९२ मध्ये त्याचा सुमारे ४,००० टनांचा तुकडा कोसळला. तिसरा ओवाचोमो म्हातारा, मध्यावर फक्त नऊ फूट जाड राहिलाय. त्याच्याखाली बसून आम्ही थालीपीठं खाल्ली. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी फक्त हाच करावा, चढ-उतार सगळ्यांत कमी.

पावलं कुठे टाकायची याकडे इथे लक्ष द्यावं लागतं. वाटेच्या कडेला वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो, करपलेल्या भाकरीसारखा. तो जिवंत असतो: सूक्ष्म जीव, शेवाळं, दगडफूल यांनी वाळू बांधून ठेवलेली. एक बूट पडला की भरून यायला कित्येक वर्षं. दगडावरून चाला, नाहीतर ओढ्याच्या वाळूतून. आमच्या मुलानं पोलिसगिरी पत्करली आणि दिवसभर सगळ्यांना, त्यात दोन अनोळखी जर्मन आजोबांनाही, दटावलं.

रात्री पारा तीन अंशांवर. २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' ठरलेली जागा ही. आकाशगंगा इतकी दाट की आधी ढग वाटला. आबा गोधडी गुंडाळून खुर्चीत. पूर्वेला कृत्तिका वर आल्या, त्या ओळखीच्या. मग उत्तरेकडे तोंड करून ते अस्वस्थ झाले.

"ध्रुव एवढा वर कसा चढला?"

मी हसले, पण बरोबर होतं त्यांचं. सांगलीला ध्रुवतारा क्षितिजापासून सतरा अंशांवर, इथे साडेसदतीसवर. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दहा अंश. आबांनी गावाकडे दीड-दोन मुठी मोजलेला तारा इथे पावणेचार मुठींवर होता. डेन्व्हरच्या दिव्यांत तो त्यांना कधी दिसलाच नव्हता.

दिवस चौथा

केन गल्च नावाची दरी. इथल्या छोट्या रेंजर स्टेशनात सत्तरीच्या एक स्वयंसेवक आजी बसल्या होत्या. परवाना तपासण्याआधी त्यांनी आम्हाला बाकावर बसवून नियम सांगितले. भिंतीला हात नाही, टेकायचं नाही, आत शिरायचं नाही, काही उचलायचं नाही, नेमकी जागा फोटोसोबत टाकायची नाही. आणि अवशेषांजवळ खायचं नाही. खरकटं सांडलं की उंदीर येतात, उंदीर बिळं करतात, भिंत ढासळते. मी भाषांतर करत होते. शेवटच्या वाक्यावर आबांनी जोरात मान हलवली. आजींना वाटलं, यांना इंग्रजी येतं.

स्टेशनच्या उत्तरेला बेअर्स इअर्स, म्हणजे अस्वलाचे कान, हे दोन जोड डोंगर दिसतात. होपी, नावाहो, झुनी आणि दोन यूट जमाती अशा पाच जणांनी मिळून मागणी केली आणि २०१६ च्या डिसेंबरात साडेतेरा लाख एकरांचं स्मारक जाहीर झालं. २०१७ मध्ये त्यातलं ८५ टक्के कापलं गेलं, २०२१ मध्ये परत जोडलं. एवढं ऐकून आबा म्हणाले, "सातबाराचीच भानगड." काही चुकीचं नाही.

स्टेशनपासून दरीतल्या जंक्शन रुइनपर्यंत चार मैल, तेवढंच परत. सुरुवातीला ओढा, मग मोठमोठ्या शिळांमधून घसरत-वाकत उतरायचं, मग अचानक दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये पिवळीधमक कॉटनवुडची झाडं. माणशी चार लिटर पाणी न्या. ओढ्यात असेल या भरवशावर निघू नका. आम्हाला फक्त तीन डबकी लागली, हिरवी.

जंक्शन रुइन दोन दऱ्यांच्या संगमावर, कपारीत, मजल्यांवर मजले. वरच्या कपारीला शिडीशिवाय जाताच येत नाही. १८९० च्या दशकात रिचर्ड वेदरिल नावाचा पशुपालक या दऱ्यांत खणत फिरला. घरांच्याही खालच्या थरात त्याला आणखी जुनी माणसं सापडली, मडकी नसलेली पण टोपल्या सुरेख विणणारी. त्यांना तेव्हापासून 'बास्केटमेकर' म्हणतात. सापडलेलं बरंचसं न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेलं. उरलं ते पायाशी पडलंय: मक्याची बुरकुंडं, बोटाएवढी, सातशे-आठशे वर्षांपूर्वीची, कालच दाणे काढून टाकल्यासारखी.

एका सपाट दगडावर आधी आलेल्या लोकांनी खापऱ्या मांडून ठेवल्या होत्या. हे करू नये असं आजींनी मुद्दाम सांगितलं होतं. खापरी जिथे पडली ती जागाच तर माहिती असते. मुलानं वाळूतून एक उचललीच. बाहेरून घड्या पाडलेली, आणि प्रत्येक घडीवर अंगठ्याच्या नखाची खूण. त्यानं स्वतःचा अंगठा त्यावर ठेवून पाहिला, मग ज्या खड्ड्यातून उचलली होती तिथेच, त्याच कुशीवर परत ठेवली. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, मिटलं.

परतीच्या चढावर आबांच्या बुटाचा तळवा सुटला. पूर्ण. मी डेन्व्हरच्या गराजमधून काढलेले नवऱ्याचे जुने ट्रेकिंग बूट. सहा वर्षं पडून डिंक वाळून गेलेला. दीड मैल चढ बाकी. जावई कपाळाला हात लावून बसले. आबांनी पाठपिशवीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी मागितली, तळवा बुटाखाली धरला आणि संग्रहालयातल्या चपलेला होती तशी दोरी टाचेमागून फिरवून, घोट्यावर फास देऊन बांधली. शिळांवरून चढतानाही गाठ सुटली नाही. वर पोहोचल्यावर रेंजर आजींनी बुटाचा फोटो काढून घेतला.

तेव्हा, जुने बूट आणायचे तर आधी घराजवळ आठ-दहा मैल चालून बघा. आणि दोरी असू द्या.

दिवस पाचवा

सीडर मेसाच्या दक्षिण टोकाला पठार एकदम संपतं आणि रस्ता कड्यावरून अकराशे फूट खाली उतरतो. हा मोकी डगवे, तीन मैल, खडीचा, कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच. १९५८ मध्ये युरेनियमची खनिजं मेक्सिकन हॅट गावच्या गिरणीला न्यायला कंपनीनं खोदला. भरलेले ट्रक इथून जायचे! नवरा स्टिअरिंग आवळून, मी डोळे मिटून. मागून आबांचा शेरा: "आंबा घाटात यष्टी ह्याच्यापेक्षा जोरात जाती."

गूजनेक्सला सॅन वान नदीची हजार फूट खोल वळणं पाहिली आणि ब्लफला जेवायला थांबलो. इथली पहिली गोरी वस्ती १८८० ची. अडीचशे मॉर्मन, ८३ गाड्या, सहा आठवड्यांत पोहोचू म्हणून निघाले आणि सहा महिने लागले. आमच्या नऊ तासांवर मुलगा मग काही बोलला नाही.

रस्त्याकडेला एका नावाहो आजीबाईंची टपरी होती. फ्राय ब्रेड हा पदार्थ सगळे खातात, आम्हीही खाल्ला, भटुऱ्याचाच भाऊ. तो नावाहोंचा मूळचा पदार्थ नाही, १८६४ मध्ये त्यांना घरंदारं सोडून शेकडो मैल चालवत नेलं, तेव्हा सरकारी शिध्यातल्या मैद्यातून आणि चरबीतून आलेला. पण त्यांच्याकडे दुसरंही काही होतं: ओल्या मक्याचे दाणे वाटून, मक्याच्याच सालात गुंडाळून, निखाऱ्याखाली भाजलेलं. आबांनी साल सोललं, वास घेतला.

"पानगीच की ही."

मग दोघं सुरू झाले, मी मध्ये दुभाषी. तुमच्याकडे मका कुठल्या रंगाचा? पाऊस किती? आजीबाईंनी निळ्या मक्याचं वाळकं कणीस आणून दाखवलं, जांभळट राखी, भस्म फासल्यासारखं. पेरायचं किती खोल, तर त्यांनी हात दाखवला: वीतभर, कधी जास्त. आबांचा विश्वास बसेना. "कुजंल की!" मी सौम्य करून सांगितलं. त्या हसल्या. वर ओल नसतेच, म्हणाल्या, हिवाळ्यातल्या बर्फाची ओल खाली असते, बी तिच्यापर्यंत न्यावं लागतं. आबा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. निघताना आजीबाईंनी ते कणीस त्यांच्या हातात दिलं, पैसे घेतले नाहीत. आबांनी खिशातला तंबाखूचा विषय काढू नये म्हणून मी घाईनं गाडीकडे वळवलं. पुढे गेल्यावर कळलं, तंबाखू ही तर इथे मान देण्याची वस्तू. दिली असती तर शोभलं असतं.

दिवस सहावा

रात्री होवनवीपच्या कॅम्पग्राउंडवर होतो. जागा भरपूर, वारा कमी. दरीच्या काठाकाठानं दोन मैलांची फेरी, आणि काठावर गोल, चौकोनी, इंग्रजी 'डी'च्या आकाराचे मनोरे, काही तर सुट्या शिळेच्या डोक्यावर बांधलेले. बहुतेक तेराव्या शतकातले. टेहळणीचे की पूजेचे की साठवणीचे, यावर अजून वाद आहेत. सगळे जमलेत मात्र दरीच्या माथ्यावरच्या झऱ्याभोवती. पठारावर पाणी अडवायला त्यांनी दगडांचे बांध घातले होते असं पाटीवर वाचलं, तर आबांनी पाटीतलं चित्रच पाठ केलं.

परतीच्या प्रवासात लिहिण्यासारखं काही नाही. तंबू झटकला तेव्हा आमच्या गराजमध्ये अर्धी परडी लाल वाळू पडली, आणि पिठल्याच्या पातेल्यातून अजून येतेय.

निळं कणीस आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलंय. बियाणं असं विमानातून नेता येत नाही हे आबांना पटवायला दोन दिवस लागले. जाण्याआधी त्यांनी परसातली जागा आखून दिली आणि मे महिन्यात पेर म्हणून सांगितलं. वीतभर खोल ना, मी विचारलं.

"दोन बोटं बास," ते म्हणाले. "तुझ्याकडं पाइप हाय."